तज्ज्ञांना भीती विचारताना

जगापुढचा सर्वांत मोठा धोका कोणता, हे तज्ज्ञांना विचारणं हे गेली काही वर्षं माझं काम आहे. साथरोगांवर संशोधन करणारे, हवामानशास्त्रज्ञ, अण्वस्त्रकरारांचे अभ्यासक, विमा कंपन्यांसाठी पूर-वादळांचं गणित मांडणारे, संगणकसुरक्षेत मुरलेले, दुष्काळात धान्याचे भाव कसे चढतात ते पाहणारे, असे देशोदेशींचे लोक. मी मूळची संख्याशास्त्राची. एका आंतरराष्ट्रीय अभ्यासगटासाठी पुण्यात बसून मी या मंडळींच्या मुलाखती घेते, प्रश्नावल्या तयार करते आणि आलेली उत्तरं लावते. कामाच्या वेळा विचित्र असतात, कारण कॅलिफोर्नियातला माणूस कामाला बसतो तेव्हा आमच्याकडे रात्रीची जेवणं झालेली असतात. पण झोपमोडीची तक्रार करावीशी कधी वाटली नाही. एखाद्याने उमेदीची सगळी वर्षं ज्या एका संकटाचा अभ्यास करण्यात घालवली, ते संकट तो तुम्हाला तासाभरात उलगडून सांगतो. इतकं शिकायला मिळणारं दुसरं काम मला माहीत नाही.

या प्रकारच्या पाहणीचं लोकांना माहीत असलेलं रूप म्हणजे वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमचा जागतिक जोखीम अहवाल. २००६पासून तो दर वर्षी, दावोसच्या बैठकीच्या तोंडावर निघतो. आमच्या अभ्यासाचा त्याच्याशी संबंध नाही, पण त्याचं नाव घेतल्यावाचून आमच्या क्षेत्रात कोणाला बोलता येत नाही. २०२४च्या अहवालासाठी १,४९० जणांनी उत्तरं दिली. त्यांच्यापुढे ३४ धोक्यांची यादी होती. प्रत्येक धोका पुढच्या दोन वर्षांत आणि पुढच्या दहा वर्षांत किती गंभीर ठरेल, यासाठी एक ते सातपैकी अंक द्यायचा. त्या अंकांवरून क्रम लागला. दोन वर्षांच्या यादीत खोट्या आणि दिशाभूल करणाऱ्या माहितीचा प्रसार पहिला आला, दहा वर्षांच्या यादीत टोकाचं हवामान. जगभरच्या वर्तमानपत्रांनी तेवढ्याचाच मथळा केला.

मथळा वाचणाऱ्याची समजूत होते की कोणीतरी धोका मोजला. प्रत्यक्षात मोजलेली असते ती माणसांची धारणा. त्याच अहवालात देशोदेशींच्या उद्योजक-व्यवस्थापकांना विचारलेलाही एक भाग होता आणि त्यात भारताच्या यादीत खोटी माहिती पहिल्या क्रमांकावर होती. त्यानंतरचे काही आठवडे माझ्या ओळखीतले लोक मला खात्रीने सांगत होते की जगात सर्वांत जास्त खोटी माहिती भारतात पसरते, असं सिद्ध झालं आहे. तसं काहीही सिद्ध झालेलं नव्हतं. इथल्या उद्योगक्षेत्रातल्या काही लोकांना ती काळजी इतर काळज्यांपेक्षा मोठी वाटली होती. ही माहितीसुद्धा मोलाचीच आहे. फक्त ती वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

या अहवालांचे जुने अंक मी नव्या सहकाऱ्यांना मुद्दाम वाचायला देते. २०२०चा अहवाल १५ जानेवारीला आला. परिणामाच्या गांभीर्याच्या यादीत संसर्गजन्य रोग दहाव्या क्रमांकावर होते आणि घडण्याच्या शक्यतेच्या पहिल्या दहांत ते नव्हतेच. तेव्हा वूहानमध्ये रुग्ण सापडू लागले होते. ३० जानेवारीला जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी जाहीर केली, ११ मार्चला महासाथ म्हटलं. पुढच्या वर्षीच्या अहवालात परिणामाच्या यादीत संसर्गजन्य रोग पहिले. आणि २०२४पर्यंत दोन वर्षांच्या आणि दहा वर्षांच्या अशा दोन्ही याद्यांच्या पहिल्या दहांतून ते पुन्हा बाहेर. युद्धाचंही तसंच. रशियाने क्रिमिया घेतला त्याच्या पुढच्या वर्षी, २०१५मध्ये, देशादेशांतला संघर्ष शक्यतेच्या यादीत पहिला होता. जानेवारी २०२२मध्ये दहा वर्षांच्या सर्वांत गंभीर दहा धोक्यांत त्याचं नाव नव्हतं. २४ फेब्रुवारीला रशियाची फौज युक्रेनमध्ये शिरली.

हे मी त्या अहवालाला नावं ठेवायला सांगत नाही. ज्यांनी उत्तरं दिली ते अज्ञानी नव्हते आणि २००६च्या पहिल्या अहवालात तर बर्ड फ्लूच्या पार्श्वभूमीवर फ्लूच्या महासाथीची चर्चा होती. म्हणजे माहिती होती. टिकलं नाही ते लक्ष. यादीतला क्रम त्या वेळी तज्ज्ञांचं लक्ष कुठे होतं ते दाखवतो. धोका आपल्या जागी तसाच असतो. लक्ष येतं आणि जातं. २०२४च्या अहवालासाठी उत्तरं गोळा करण्याचं काम ९ ऑक्टोबर २०२३ला संपलं आणि इस्रायलवरचा हमासचा हल्ला झाला ७ ऑक्टोबरला. हीच प्रश्नावली महिनाभर उशिरा पाठवली असती तर युद्धाचा क्रम तोच राहिला असता, असं या कामातला कोणीही माणूस छातीठोकपणे म्हणणार नाही.

म्हणून मला क्रमापेक्षा कारणांची ओढ लागली. ती लावली पुण्यातल्याच एका निवृत्त विषाणुतज्ज्ञांनी. मी प्रश्न वाचला: पुढच्या दहा वर्षांत नवी महासाथ येण्याची शक्यता किती? त्यांनी चष्मा काढून ठेवला.

“अगं, ही साथ कुठल्या प्राण्यातून येणार? कुठल्या देशात? तिथे एखादा तालुक्याचा डॉक्टर असेल का, ज्याला ताप वेगळा वाटेल आणि ज्याच्या फोनला कोणी उत्तर देईल? यातलं काहीच तुझ्या प्रश्नात नाही.”

“सर, प्रश्न सगळ्यांना सारखाच विचारावा लागतो.”

“विचार की. पण मग माझं उत्तर आकड्यात मागू नकोस, आधी गोष्ट ऐक.”

गोष्ट माकडतापाची होती. १९५७मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, मागोमाग माणसं तापाने पडू लागली, पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने विषाणू वेगळा केला आणि त्या आजाराला त्या जंगलाचंच नाव मिळालं. तो गोचिडांमधून पसरतो. कित्येक दशकं तो कर्नाटकातल्या काही तालुक्यांपुरता राहिला. मग २०१५मध्ये गोव्यात सत्तरीत आणि २०१६मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्गला काजूच्या बागांत काम करणारी माणसं आजारी पडू लागली. “माकड मेलं हे वन खात्याला कळतं, ताप आला हे प्राथमिक आरोग्य केंद्राला कळतं, आणि या दोघांनी एकमेकांना सांगितलं तरच आम्हाला कळतं. साथ लहान राहणार की मोठी होणार, हे त्या सांगण्यावर ठरतं. विषाणूवर कमी.” एवढं झाल्यावर त्यांनी मला एक खालचा आणि एक वरचा आकडा दिला आणि दोन्ही आकड्यांच्या मध्ये कुठे राहायचं ते कशावर अवलंबून आहे, तेही लिहून दिलं. आमच्या तक्त्यात त्यातले आकडे गेले. लिहून दिलेला कागद मी अजून जपून ठेवला आहे आणि नवीन माणसाला काम शिकवताना तोच पुढे करते.

आता कोणी विचारेल की मग आकड्यांचा आग्रह कशाला? गोष्टीच गोळा करा. पण आकड्यावाचून चालत नाही, याचा दाखला जुना आहे. १९५१मध्ये अमेरिकी गुप्तचर विश्लेषकांनी एका अहवालात लिहिलं की सोव्हिएत गटाकडून युगोस्लाव्हियावर हल्ल्याची गंभीर शक्यता मानायला हवी. त्या कामाच्या प्रमुखांपैकी एक होते शर्मन केंट. त्यांच्या मनात ही शक्यता ६५ टक्क्यांच्या आसपास होती. मजकुरावर सह्या करणाऱ्या सहकाऱ्यांना त्यांनी विचारलं, तेव्हा कोणाच्या मनात २० टक्के होते, कोणाच्या ८०. सगळ्यांचं एकमत झालं होतं, ते वाक्यापुरतं. मुलाखतीत मला हे वरचेवर दिसतं. दोन हवामानतज्ज्ञ जवळपास एकाच शब्दांत काळजी व्यक्त करतात आणि आकडा मागितला की एकाचा दुसऱ्याच्या कितीतरी पट निघतो. आकडा मागितला नसता तर त्यांच्यात मतभेद आहे हेच कळलं नसतं.

आकडा मागायचीही रीत असते. आधी मधला अंदाज विचारला की माणूस त्याला चिकटतो आणि मग वरची-खालची मर्यादा त्याच्या आसपासच देतो. म्हणून आम्ही टोकं आधी विचारतो: इतकं खाली की त्याखाली गेलं तर तुम्हाला फार नवल वाटेल, असं काय? मग तसंच वरचं. मधलं शेवटी. काही वेळा प्रश्न उलटा करतो. समजा ही घटना घडून गेली आहे आणि तुम्ही मागे वळून पाहताय. ती कशी घडली ते सांगा. याने फार मोकळं बोलणं होतं. “घडेल का?” असं विचारलं तर सावध, मोजून-मापून बोलणारे लोक “घडली कशी?” म्हटलं की धरणाच्या दरवाजापासून मंत्रालयातल्या फायलीपर्यंत सगळी साखळी मांडून दाखवतात.

रॉजर कुक या डेल्फ्टच्या गणितज्ञाने आणखी एक गोष्ट रूढ केली. खऱ्या प्रश्नांच्या आधी तज्ज्ञाला त्याच्याच विषयातले असे काही प्रश्न विचारायचे, ज्यांची उत्तरं विचारणाऱ्याला ठाऊक आहेत. तो आपल्या खात्रीचा अंदाज किती बरोबर घेतो ते त्यातून दिसतं आणि त्याच्या उत्तराला तितकं वजन मिळतं. कॅरिबियनमधल्या माँटसेरात बेटावर १९९५मध्ये सुफ्रियेर हिल्स ज्वालामुखी जागा झाला, तेव्हा ज्वालामुखीतज्ज्ञ विली ॲस्पिनॉल यांनी ही पद्धत तिथल्या शास्त्रज्ञांच्या गटात वापरली. तिथे चर्चा सावकाश करायला वेळच नव्हता. कोणत्या भागात लोकांना राहू द्यायचं, ते लगेच सांगायला हवं होतं. आमच्याकडे असे चाचणीचे प्रश्न पुढे केले की काही ज्येष्ठ मंडळी दुखावतात. “माझी परीक्षा घेणार का?” असं मला अनेकांनी विचारलंय. मी नम्रपणे हो म्हणते. परीक्षा हवीच. मानसशास्त्रज्ञ फिलिप टेटलॉक यांनी २८४ राजकीय-आर्थिक जाणकारांची भाकितं दोन दशकांच्या आसपास जमवली आणि २००५मध्ये पुस्तकात निष्कर्ष मांडला. बहुतेकांची कामगिरी साध्या ठोकताळ्यांपेक्षाही बरी नव्हती आणि एकाच मोठ्या कल्पनेतून सगळं समजावणारे लोक अनेक बाजू धरून बोलणाऱ्यांपेक्षा मागे पडले. हे वाचून काही जण म्हणतात की तज्ज्ञांना विचारूच नये. मला उलट वाटतं. विचारावं, पण पुढे तपासता येईल असं विचारावं आणि खरोखर तपासावं. दरसाल यादी छापणाऱ्यांनी गेल्या दहा वर्षांच्या याद्यांचं काय झालं, तेही शेजारी छापायला हवं.

सामान्य माणसाच्या भीतीलाही या कामात मी कमी लेखत नाही, आणि ते मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांच्यामुळे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी निरनिराळ्या गटांना ३० गोष्टी धोक्याच्या क्रमाने लावायला सांगितल्या. स्त्री मतदारांच्या एका संघटनेतल्या सदस्यांनी अणुऊर्जा पहिली लावली. तज्ज्ञांनी ती विसावी ठेवली आणि पहिला क्रमांक मोटारगाड्यांना दिला. तज्ज्ञ वार्षिक मृत्यूंच्या हिशेबाने बोलत होते. सदस्य आणखी काही मोजत होते: हे माझ्या हातात आहे का, एका झटक्यात किती जण जातील, पुढच्या पिढीला काय मिळेल. हे प्रश्न अडाण्यांचे नाहीत. माझ्या मुलाखतींतले तज्ज्ञही स्वतःच्या विषयाबाहेर गेले की नेमके हेच प्रश्न विचारतात.

उत्तरं एकदा गोळा झाली की दुसरी फेरी येते आणि माझ्या मते या कामाचा जीव तिथे आहे. प्रत्येकाला इतरांचे आकडे आणि कारणं नावं न देता दाखवायची आणि विचारायचं, तुमचं मत बदलतं का? अशा फेरीचं मूळ अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशन या संशोधनसंस्थेत, नॉर्मन डाल्की आणि ओलाफ हेल्मर यांच्या डेल्फी पद्धतीत. त्यांच्या पहिल्या प्रयोगात सात तज्ज्ञ होते आणि प्रश्न अंगावर काटा आणणारा होता: अमेरिकेचं युद्धसामग्रीचं उत्पादन ठरावीक प्रमाणात खाली आणायला सोव्हिएत नियोजकाला किती अणुबाँब लागतील? सुरुवातीची उत्तरं ५०पासून ५,०००पर्यंत पसरली होती. फेऱ्या संपल्या तेव्हा ती १६७ आणि ३६०च्या मध्ये आली. पाठ्यपुस्तकांत ही पद्धतीची फत्ते म्हणून सांगतात. मला मात्र ते आकडे वाचताना दर वेळी एक शंका येते. ५,००० म्हणणारा माणूस खाली आला तो नवं काही कळलं म्हणून, की आपण एकटे पडलो म्हणून? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तक्त्यात तो दिसत नाही.

आमच्या एका फेरीत समुद्रपातळीच्या प्रश्नावर असाच एक जण कडेला उभा राहिला. सांगलीत वाढलेला, आता नेदरलँड्समध्ये जलशास्त्रावर काम करणारा. त्याची वरची मर्यादा इतरांच्या बरीच पुढे होती. दुसऱ्या फेरीत सगळ्यांचे आकडे पाहूनही त्याने आपला आकडा हलवला नाही. मी कारण विचारायला फोन केला तर मराठीत सुरू झाला. “ताई, सगळे मला मध्यावर या म्हणतायत. पण भिंत मध्यावर बांधत नाहीत.” १९५३च्या पुरात नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली. त्यानंतर त्या देशाने दाट वस्तीच्या मध्य हॉलंडसाठी दहा हजार वर्षांत एकदा येईल अशा पातळीचा हिशेब धरून बांध घालायचं ठरवलं. त्या देशात ‘बहुधा होणार नाही’ एवढ्यावर कोणी काम थांबवत नाही. तो मला २०१९चा जोनाथन बॅम्बर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास दाखवत होता. त्यात बर्फाच्या थरांवर काम करणाऱ्या २२ तज्ज्ञांचे अंदाज कुक यांच्या पद्धतीने एकत्र केले होते. तापमान खूप वाढलं तर २१००पर्यंत समुद्र मध्यम अंदाजाने १११ सेंटिमीटर चढेल, पण दोन मीटरच्या वर जाण्याची शक्यताही शून्य धरता येत नाही. वरचं पाच टक्क्यांचं टोक २३८ सेंटिमीटरवर आहे. “बातमीत एक मीटर येईल,” तो म्हणाला, “आणि मुंबईत गटारं समुद्रात सोडणाऱ्याला हवाय तो दुसरा आकडा.” २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा भरतीने पाण्याची वाट अडवली होती, हे मुंबईकराला समजावून सांगावं लागत नाही.

त्या फेरीच्या अहवालात त्याचं उत्तर सरासरीत विरघळू द्यायचं नाही, म्हणून मी गटात भांडले. शेवटी त्याचा आकडा वेगळा छापला गेला आणि खाली त्याचं कारण परिच्छेदभर. माझी आता ठाम धारणा आहे की मधला आकडा बातमीसाठी असतो, कडेचा नियोजनासाठी, आणि दोन्हींपेक्षा मोलाचं म्हणजे कडेला उभं राहण्याचं कारण. कारण खोटं निघालं तर आकडा सोडून देता येतो. नुसता आकडा ना धरता येतो, ना सोडता.

मतभेद चर्चेने मिटतातच असंही नाही. २०२२मध्ये झालेल्या एका मोठ्या अंदाजस्पर्धेत १६९ जण महिनोन्‌महिने मानवजातीच्या अस्तित्वावरच्या धोक्यांबद्दल एकमेकांना पटवत होते. त्यातले निम्मे विषयतज्ज्ञ होते, निम्मे पूर्वीच्या स्पर्धांत अचूक ठरलेले अंदाजकर्ते. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे या शतकात मानवजात नष्ट होण्याची शक्यता तज्ज्ञांच्या मध्यम अंदाजाने ३ टक्के आली, अंदाजकर्त्यांच्या ०.३८ टक्के. इतक्या चर्चेनंतरही ते जवळ आले नाहीत. यावर हसणारे पुष्कळ भेटतात. मला त्यातून एक खरी गोष्ट कळली. जे कधीच घडलेलं नाही त्याबद्दल बोलताना माणसं माहितीवरून कमी भांडतात. पुरावा कशाला म्हणायचं यावरून जास्त. एक बाजू म्हणते, आजवर असं झालं नाही हाच मोठा पुरावा. दुसरी म्हणते, असं तंत्रज्ञानही आजवर नव्हतं. हे लिहून ठेवलं तर पुढच्याला निदान नेमकं कुठे शोधायचं ते कळतं.

अण्वस्त्रांच्या मुलाखती मला सर्वांत जड जातात. एका वयस्क अभ्यासकाने, ज्याची सगळी कारकीर्द शस्त्रकपातीच्या वाटाघाटींत गेली, शक्यतेच्या रकान्यापाशी येऊन बराच वेळ काही लिहिलं नाही. मग म्हणाला, “शून्य लिहिणं खोटं आहे आणि शून्याशिवाय काहीही लिहिलं तर ते मान्य केल्यासारखं होतं.” मी त्याला तो रकाना रिकामा सोडू दिला आणि हे वाक्य त्याच्या परवानगीने नोंदवलं. विश्लेषणात आम्ही रिकाम्या रकान्याला गहाळ उत्तर म्हणतो. हे उत्तर गहाळ नव्हतं.

यादीतल्या वर्गवारीने काय लपतं, ते मला विदर्भात उष्माघातावर काम करणाऱ्या एका डॉक्टरने दाखवलं. ‘टोकाचं हवामान’ असा एकच धोका समोर ठेवला, तेव्हा तिने उत्तर द्यायला नकार दिला. “ताई, पूर सगळ्यांना दिसतो. उन्हाने गेलेला मजूर कागदावर हृदयविकाराने गेलेला असतो. दोघांना एका रकान्यात घातलंत तर तुमचे तज्ज्ञ पुराचा विचार करून अंक देणार.” तिच्या म्हणण्याला आकड्यांचा आधार आहे. मे २०१०मध्ये अहमदाबादच्या उष्णतेच्या लाटेत उष्माघात म्हणून नोंदले गेलेले मृत्यू थोडे होते. सर्व कारणांच्या मृत्यूंची नेहमीच्या मेशी तुलना केली तेव्हा १,३४४ जास्तीचे निघाले. त्यानंतर २०१३मध्ये तिथे उष्णता कृती आराखडा आला. मोजणी बदलली तेव्हा कृती बदलली. तिच्या आग्रहानंतर आम्ही तो रकाना फोडला: उष्णता, पूर, वादळ, दुष्काळ असे चार वेगळे प्रश्न झाले. आणि उत्तरं वेगळी आली. उष्णतेला वरचा अंक देणारे जवळजवळ सगळे उष्ण प्रदेशांत राहणारे होते.

इथे मला या सगळ्या कामातली सर्वांत मोठी उणीव दिसते. संकट ज्यांच्या अंगावर येणार, ते उत्तर देणाऱ्यांत फार थोडे असतात. प्रश्नावली इंग्रजीत असते, ती संस्थांच्या पत्त्यांवर जाते, ओळखीच्यांकडून ओळखीच्यांकडे पसरते. युरोप-अमेरिकेतल्या संशोधकाकडे असे फॉर्म भरायला वेळ आणि सवय दोन्ही असतात. आपल्याकडचा जाणकार अनेकदा एका वेळी तीन माणसांचं काम करत असतो. त्याच्या टेबलावरचा पंखा बंद असतो, विद्यार्थी दारात असतात आणि माझा तिसरा स्मरणपत्राचा मेल न वाचताच राहतो. मग यादी बनते आणि ती जागतिक म्हणून छापली जाते. मोठ्या संस्था, विमा कंपन्या, निधी देणारे त्या यादीकडे पाहून पैसा कुठे लावायचा ते ठरवतात. माकडतापावरच्या संशोधनाला, रात्रीच्या उष्णतेच्या नोंदींना, कोकणातल्या दरडींच्या अभ्यासाला त्या यादीत जागा नसेल तर पुढे निधीतही जागा मिळणं अवघड होतं. हे मी पाहत आले आहे आणि मला त्याची मनापासून चीड येते.

म्हणून या लेखाच्या वाचकांत जे डॉक्टर, भूवैज्ञानिक, अभियंते, शेतीतले संशोधक, जहाजावरचे अधिकारी, बँकेत जोखीम पाहणारे लोक असतील, त्यांच्याकडे माझी एक विनंती आहे. अशी प्रश्नावली तुमच्याकडे आली तर ती कचऱ्यात टाकू नका. मला काय कळतं, असं म्हणून वरिष्ठांकडेही ढकलू नका. तालुक्यात काम करणाऱ्याला जे दिसतं ते वरिष्ठांना दिसत नाही. वर्गवारी चुकीची वाटली तर तसं लिहा. आकडा देता येत नसेल तर का देता येत नाही ते लिहा. बहुतेक प्रश्नावल्यांच्या शेवटी ‘आणखी काही सांगायचं आहे का’ अशी एक मोकळी चौकट असते. आमच्या गटात ती चौकट प्रत्येकाची, पहिल्यापासून शेवटपर्यंत, वाचली जाते. इंग्रजी अडत असेल तर मराठीत लिहा. मी वाचेन.